पंचकोटवरून दिसणारा तोरणा

माझ्या वडिलांची तब्येत एरवी ठणठणीत असते. मी पुण्याचं तिकीट काढलं की बिघडते. हे वाक्य रागाचं वाटेल. आहेच ते रागाचं. दोन हिवाळे लागोपाठ असं झालं होतं. पहिल्यांदा, मी शाळेतून निवृत्त झाले त्या जानेवारीत, निघायच्या तीन दिवस आधी त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. ईसीजी काढला तर तो एखाद्या शाळकरी मुलाचा वाटावा इतका चांगला निघाला, पण डॉक्टर म्हणाले, चार दिवस लक्ष ठेवा. दुसऱ्या वर्षी निघायच्या आठवडाभर आधी पाय मुरगळला. कुठे मुरगळला, कसा मुरगळला, काही विचारा, उत्तर एकच, ‘मुरगळला.’ दोन्ही वेळा तिकीट रद्द करताना मी चकार शब्द बोलले नाही. फक्त दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवली.

मी सरला. वय बासष्ट. जन्म कोलकात्याचा, शिक्षण इथलं, नोकरीही इथलीच. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून खिदिरपूरच्या घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा शहाऐंशीचे आहेत. नाव शरच्चंद्र, त्यामुळे गल्लीतल्या बंगाल्यांना ते पहिल्यापासून आपलेच वाटत आले. राजगडाच्या पायथ्याच्या एका लहानशा गावातून बाविसाव्या वर्षी ते कस्टम्सच्या नोकरीसाठी इथल्या गोदीवर आले. ‘दोन वर्षांत बदली करून घेतो,’ असं आजीला सांगून आले होते. त्याला आता चौसष्ट वर्षं झाली.

कोलकात्यात डोंगर नाही. टेकाडसुद्धा नाही. या शहरात चढ म्हणून काही असेल तर तो उड्डाणपुलाचा. ज्या माणसाने लहानपणी रोज मान वर करून गड बघितला, त्याचं इथे काय होत असेल याचा विचार आम्ही मुलांनी कधी केला नाही, कारण आमच्यासमोर बाबा त्याबद्दल रडत बसले नाहीत. त्यांनी दुसराच उद्योग काढला. थंडी पडली की महिन्यातून एका रविवारी आम्हाला पहाटे उठवायचे, हावड्याला न्यायचे आणि सकाळच्या गाडीत घालायचे. आसनसोल, तिथून आद्र्याची पॅसेंजर, मग कुठलं तरी छोटं स्टेशन आणि पुढे चालत किंवा बैलगाडीत. बांकुडा-पुरुलियाकडे डोंगर आहेत हे बंगाल्यांनाही फारसं माहीत नव्हतं त्या काळात, बाबांनी ते एकेक करून शोधून काढले होते. शुशुनिया, बिहारीनाथ, जयचंडी, पंचकोट. दिवसभर चढायचं, आईने दिलेल्या पोळ्या आणि दाण्याची चटणी वर बसून खायची आणि रात्री घरी. माझा धाकटा भाऊ सारंग परतीच्या गाडीत बाबांच्या मांडीवर झोपलेला असायचा. मी कधी झोपले नाही.

सगळ्यांत आवडता पंचकोट. पाचेत धरणाच्या जवळचा हा डोंगर, दाट जंगलाचा, आणि पायथ्याला पडका गड. जुन्या राजाची भिंत, कमानी, विटांचं पाच शिखरांचं देऊळ. आता ते देऊळ दुरुस्त करून गुळगुळीत केलंय, तेव्हा त्यातून पिंपळ उगवलेला होता. हा गड बर्गींनी लुटला आणि मोडला असं तिथले लोक सांगतात. बर्गी म्हणजे आम्हीच, नागपूरकर भोसल्यांची फौज. त्यामुळे गडाच्या आवारात आम्हाला मराठीत बोलायची बंदी होती. झाडीत शिरेपर्यंत सगळ्यांनी बांगला बोलायचं असा बाबांचा हुकूम होता. आई पडक्या देवळाच्या उंबऱ्यावर दोन फुलं ठेवायची आणि पुटपुटायची, ‘आपल्याच लोकांचा उपद्व्याप, काय करणार.’ मला वाटतं, एका मोडलेल्या गडाची माफी मागून मग त्याच डोंगरावर चढणारं आमचं एकच कुटुंब असावं.

वर पोचलं की बाबांचा तास सुरू व्हायचा. कातळावर आम्हाला पश्चिमेकडे तोंड करून उभं करायचे. समोर पुरुलियाचं माळरान आणि कुठल्या तरी कारखान्याची धुराडी. बाबा काठी उचलून सांगायचे, ‘राजगडावर असे उभे राहिलात तर समोर, जरासा उजवीकडे, तोरणा. त्याच्या डाव्या अंगाला, हवा स्वच्छ असेल तर, लांब लिंगाणा आणि रायगड. उजव्या खांद्याकडे सिंहगड. पाठीमागे पुरंदर.’ आणि मग आम्हाला म्हणायला लावायचे. आम्ही धुराड्यांकडे बोट करून तोरणा म्हणायचो. सारंगला याचा कंटाळा यायचा. मला मात्र तो दिसायचा, खरंच दिसायचा.

याचा परिणाम असा झाला की सहावीत असताना परीक्षेत पश्चिम बंगालचा नकाशा भरायला आला, तेव्हा मी पुरुलियाच्या पश्चिमेला एक छोटा त्रिकोण काढून त्याच्याशेजारी बांगलात ‘तोरणा’ लिहिलं. दीदीमणींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, त्या प्रश्नाला शून्य दिलं आणि बाबांना बोलावून घेतलं. बाबा ऑफिसच्या कपड्यांत आले, नकाशा नीट बघितला आणि म्हणाले, ‘दिशा बरोबर आहे. अंतर थोडं चुकलंय.’ दीदीमणी हसल्या नाहीत. मी पुढे भूगोलच शिकवायला घेतला तो त्या शून्याच्या रागाने, असं आई सगळ्यांना सांगायची.

तर अशी ही राजगडाची ओढ मला बाबांनी लावली. बत्तीस वर्षं मी फळ्यावर सह्याद्री काढला, पश्चिमेला तीव्र उतार, पूर्वेला सौम्य उतार, मुली वहीत उतरवून घ्यायच्या, आणि माझा पाय एकदाही त्याला लागला नव्हता. पुण्याला गेले होते चार-पाचदा, लग्नकार्यांना. जायचं, अक्षता टाकायच्या, आहेर द्यायचे आणि रजा संपली म्हणून परत यायचं. एकदा गाडीच्या खिडकीतून सिंहगड दाखवला कुणीतरी. मी बघते म्हणेपर्यंत एक इमारत मध्ये आली. आई आजारी होती तेव्हा आठ वर्षं शहर सोडता आलं नाही, मग बाबा थकले. मी कधी तक्रार केली नाही, पण मला राजगड हवा होता. मला तो इतका हवा होता की सारंगची मुलगी नूपुर गडावरचे फोटो पाठवायची तेव्हा मी ते न उघडताच ‘छान’ असं लिहायचे.

आणि बाबा? बाबांनाच तर सगळ्यांत जास्त हवा असणार. सारंग शिक्षणासाठी पुण्याला गेला तो तिथेच राहिला. त्याने स्वतः होऊन सगळं जमवलं होतं. ‘बाबा, पायथ्याच्या गावातली चार माणसं ठरवतो. खुर्चीची डोली करून तुम्हाला पाली दरवाजाने वर नेतील. लोक नेतात म्हाताऱ्यांना. ताई बरोबर असेलच.’ बाबा फोनवर म्हणाले, ‘मला नाही जायचं.’ का, ते नाही सांगितलं. दोन वर्षं तेच उत्तर, आणि वर ते छातीतलं धडधडणं आणि तो मुरगळलेला पाय. माझ्या मनात जे यायचं ते यायला लागलं. यांना जायचं नाही आणि मीही जायला नको आहे.

तशात ऑक्टोबरमध्ये माझा डावा गुडघा सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला आणि म्हणाले, ‘दीदी, डोंगरबिंगर चढायचे असतील तर या थंडीत चढून घ्या. पुढच्या थंडीत मी परवानगी देणार नाही.’ मी घरी येऊन त्याच संध्याकाळी तिसऱ्यांदा तिकीट काढलं, चोवीस जानेवारीचं. नूपुरला फोन केला. ती घरून काम करते, चोवीस वर्षांची आहे आणि जिभेला हाड नाही. ती म्हणाली, ‘आत्या, मी येते तिकडे पंधरा दिवस. आजोबांना मी सांभाळते. तू जा गं बाई एकदाची.’

नूपुर आली आणि घरात एकदम आवाज झाला. बाबांना ती आवडते. तिने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, ‘आजोबा, राजगडावर आता रविवारी इतकी गर्दी असते ना, चोर दरवाज्यात रांग लागते. वर मॅगी मिळते.’ बाबा ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, ‘पद्मावती तळ्यात पाणी असतं का जानेवारीत?’ नूपुर म्हणाली, असतं, पण हिरवं. बाबांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. तो उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

निघायच्या आठवडाभर आधी, मी रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे संशयाने बघत असताना, ते चहा घेताना म्हणाले, ‘सरू, जायच्या आधी मला एकदा पंचकोटला ने.’

हे आता नवीन. गाडीने पाच तास जायचं, पाच तास यायचं, पुरुलियाची थंडी, वय शहाऐंशी. आजारी पडायचा याहून खात्रीचा मार्ग मलाही सुचला नसता. मी म्हटलं, ‘परत आल्यावर जाऊ.’ बाबा म्हणाले, ‘नाही. आधी.’ नूपुर मध्ये पडली, ‘ने ना गं, मलाही बघायचाय बर्गींचा पराक्रम.’ मी दोघांवरही चिडले आणि बापीला फोन करून गाडी सांगितली. बापी आमच्या गल्लीतला ड्रायव्हर आहे, सावकाश चालवतो.

रविवारी पहाटे निघालो आणि दहाच्या सुमारास पोचलो. वाटेत बाबा एकदाही झोपले नाहीत. त्यांना मी दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी घातली होती. ते मुकाट्याने घालून घेत होते, आणि त्यांच्या त्या मुकाटपणाचाच मला जास्त संशय येत होता. देवळासमोर शाळेची सहल आली होती. चहावाल्याच्या टपरीपाशी सावली बघून बापीने घडीची खुर्ची मांडली. बाबा बसले, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तू वर जाऊन ये. मी बसतो इथे नूपुरबरोबर.’

‘तुम्हाला सोडून?’

‘गुडघा तपासून बघ. राजगडाच्या आधी एक डोंगर व्हायला हवा.’

ते शहाणपणाचं होतं, म्हणून मी गेले. त्या डोंगरावर मी पहिल्यांदाच एकटी चढत होते. सालवृक्षांची वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती, वाट मला पाठ होती, आणि तरी सारखं वाटत होतं की पुढे कुणीतरी हवं. बाबांची पाठ हवी. लहानपणी मी चढताना डोंगर बघतच नव्हते, त्यांची खाकी पिशवी आणि घामाने भिजलेला सदरा बघत होते, तीच माझी वाट होती. दोनदा थांबले. गुडघा दुखला पण धरला नाही. वरच्या कातळावर पोचले तेव्हा सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. धुराड्यांतून धूर निघत होता. आठवड्याने मी खऱ्या जागी असेन असा विचार केला आणि मला एकदम रडायला आलं, आनंदाने की कशाने ते कळेना. मग पोळी काढून खाल्ली आणि उतरले.

खाली आले तर खुर्ची रिकामी होती.

बापी म्हणाला, नूपुरदीदी आणि दादू तिकडे, आणि त्याने हाताने झाडीकडे दाखवलं. ज्या वाटेने मी चढले तिच्या शेजारून दुसरी एक वाट वरच्या पडक्या देवळाकडे जाते, दगडांची, उभी. मी जवळजवळ धावत गेले. पहिल्या वळणाच्या अलीकडे बाबा एका दगडावर बसलेले होते. मफलर सुटलेला, कानटोपी नूपुरच्या हातात. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. नूपुर रडकुंडीला आली होती.

‘आत्या, मी किती सांगितलं. ऐकेचनात. तू दिसेनाशी झालीस आणि उठलेच.’

मी त्यांची नाडी बघितली. जोरात होती पण नीट होती. पाणी पाजलं. ते बरे आहेत हे कळल्यावर मला जो राग आला तो मी आवरायला हवा होता. नाही आवरला. नूपुरसमोर, सहलीला आलेल्या दोन बाया बघत असताना, मी त्यांना म्हटलं, ‘मुद्दाम केलंत ना? तिकीट काढलं की तुमचं काहीतरी होतं. छाती, पाय आणि आता हे. स्पष्ट सांगा ना मला, जाऊ नकोस म्हणून. मी जन्मभर कुठे गेले आहे? मी कुठे गेले आहे बाबा?’

श्वास जागेवर आल्यावर त्यांनी हाताने मला खाली बस म्हणून खूण केली. मी बसले, त्यांच्या पायाशी, दगडावर.

‘छातीत धडधडलं ते जिन्यामुळे,’ ते म्हणाले. ‘तू बाजारात जायचीस तेव्हा मी गच्चीपर्यंत जायचो आणि यायचो. पहिले दोन महिने एकदा, मग दोनदा. त्या दिवशी तीनदा गेलो. पायही जिन्यातच मुरगळला. उतरताना.’

‘जिन्यात कशाला?’

‘कशाला म्हणजे? सराव नको का?’

नूपुर आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

‘सारंग म्हणतो, डोलीतून नेतो,’ बाबा म्हणाले. ‘त्या वाटेने मी दहा वर्षांचा असताना आईचं ताक घेऊन वर जात होतो. गडावर पुजारी होता, त्याला द्यायला. लोटा हिंदकळू न देता जायचो. त्या वाटेने आता चार माणसांच्या खांद्यावर बसून जाऊ? चार खांद्यांवर माणूस एकदाच जातो सरू, आणि ते त्याला बघावं लागत नाही. मी ठरवलं होतं, पायांनी जमलं तर जाईन. तुला आधी सांगितलं असतं तर तू जिन्याला कुलूप घातलं असतंस.’

हे खरं होतं. मी घातलंच असतं.

‘आज म्हटलं, शेवटचं बघून घेऊ. हे पहिलं वळण आहे ना, तिथपर्यंत न थांबता गेलो तर तुला सांगायचं, माझंही तिकीट काढ म्हणून.’ त्यांनी वर बघितलं. वळण तिथून वीस पावलांवर होतं. त्यावर पळसाचं एक वाकडं झाड होतं. ‘नाही गेलो. चारदा बसलो.’

मी म्हटलं, ‘बाबा, थोडं थांबून जाऊ. मी हात देते.’

‘नको. कळलं मला.’

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात म्हटलं. चौसष्ट वर्षं हा माणूस मनातल्या मनात घरी जायला निघालेला होता. आई गेली, नोकरी संपली, गावातलं घर चुलतभावांकडे गेलं, तरी तो निघालेलाच होता. आणि आज, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, या परक्या डोंगराच्या पहिल्या वळणाच्या वीस पावलं अलीकडे, त्यांनी ते जाणं थांबवलं. मी त्यांच्यावर ओरडत होते तेव्हा ते हे करत होते.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या हाताला दगडाची माती लागली होती.

‘तू जायचं,’ ते म्हणाले. ‘यात आता बदल नाही. मी धडधडलो तरी जायचं.’

‘जाते.’

‘एक मात्र कर. वर पोचलीस की मला फोन करू नकोस.’

मी मान वर केली. नूपुर म्हणाली, ‘आजोबा, उलट व्हिडिओ कॉल करेल ना ती! वर रेंज असते. तुम्हाला सगळं इथे बसून दिसेल, तळं, बालेकिल्ला, सगळं.’

‘तेच नको,’ बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज हलला. ‘तू तिथे आहेस आणि मी इथे आहे, हे मला त्या क्षणी कळायला नको. मागाहून सांग. घरी आलीस की सावकाश सगळं सांग, मी ऐकेन. पण तू वर उभी आहेस असं मला त्या वेळी सांगू नकोस. मला नाही सोसायचं ते.’

मी हो म्हटलं. मग बापीला बोलावलं आणि दोघांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. दगडांवरून उतरताना ते माझ्या खांद्याला नुसता हात लावत होते, भार टाकत नव्हते. परतीच्या वाटेवर ते वर्धमानच्या आधीच झोपले आणि मी गाडी घरापाशी येईपर्यंत त्यांचा मफलर धरून बसले होते.

चोवीस तारखेला मी निघाले. त्यांना काहीही झालं नाही. दारात उभं राहून त्यांनी मला पाण्याची बाटली भरली आहे का एवढंच विचारलं.

सारंगने माझ्यासाठी आडवार बघितला, गर्दी नको म्हणून. आम्ही पाली दरवाजाच्या वाटेने चढलो. पायऱ्या उंच आहेत. मी प्रत्येक पायरीला गुडघ्याला विचारत होते. सारंग आता पोटाने सुटलाय, तोच मागे राहत होता आणि ‘ताई, हळू’ म्हणत होता. अकरा वाजता आम्ही दरवाज्यातून आत गेलो आणि पद्मावती माचीवर आलो. वारा होता. तळ्यात पाणी होतं, हिरवं. माचीच्या कडेला गेले तर समोर तोरणा होता.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तो मी मनात धरला होता त्यापेक्षा मोठा होता आणि जवळ होता. कधीपासून तो तसाच तिथे उभा आहे आणि मी बासष्ट वर्षांनी आले, याची मला लाज वाटली, आणि कोणाची तरी भेट व्हावी तसा आनंदही झाला. सारंग बाजूला उभा होता. त्याने पाठीवर हात ठेवला. खाली, उन्हात, बाबांचं गाव दिसत होतं. दहा-बारा पत्र्याची छपरं चमकत होती. त्यातलं आमचं कुठलं ते मला माहीत नव्हतं, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. नूपुरचा नंबर होता. मी घाबरून उचलला, म्हटलं, झालं काहीतरी.

‘सरू,’ बाबांचा आवाज आला. मागे आमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडत होता. ‘मीच. हिच्याकडून लावून घेतला.’

‘बरे आहात ना?’

‘बरा आहे. जेवायला बसतोय आता.’ मग ते थांबले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी फोनवर हात धरला, वाऱ्याचा आवाज जाऊ नये म्हणून, आणि तोरण्याकडे पाठ केली.

‘पोचलीस का?’ त्यांनी विचारलं.

सारंग माझ्याकडे बघत होता.

‘नाही, बाबा,’ मी म्हटलं. ‘अजून खूप चढायचंय.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. ‘सावकाश चढ. घाई नको.’